रेंजफाइंडरसाठी पहिली वाइड लेन्स घेताय? आधी कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघा

मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरा करणाऱ्या एका चाचांकडे मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा माझ्याकडे सेकंड हँड बेसा आर टू ही रेंजफाइंडर बॉडी आणि एक ५० एमएमची लेन्स, एवढंच होतं. खोली दहा बाय बारा, चाचा भोपळा मांडीशी घेऊन बसलेले, तंबोऱ्याची दांडी दाराकडे आलेली, मी पाठ भिंतीला टेकवून उभा, तरी फ्रेममध्ये एकतर चाचांचं डोकं बसायचं नाहीतर दांडीचं टोक. चाचा म्हणाले, "अजून मागं सरक की बाळा." मागं भिंत होती.

त्याच आठवड्यात मी वाइड लेन्स, म्हणजे एमएमचा आकडा लहान आणि फ्रेममध्ये जास्त रुंदी घेणारी लेन्स, शोधायला लागलो आणि त्यानंतर दीड वर्षात दोन लेन्स चुकीच्या घेतल्या. पैसे गेले ते गेलेच, पण चाचांनी त्या काळात केलेले तीन-चार सुंदर तंबोरे गिऱ्हाइकाकडे निघून गेले आणि त्यांचे फोटो माझ्याकडे नाहीत, हे जास्त लागलं. तुमच्याकडे रेंजफाइंडर असेल, जुना झॉर्की असो, कॅनन असो, बेसा असो नाहीतर लायका, आणि वाइड लेन्स घ्यायचं मनात असेल, तर हे सगळं आधी वाचा आणि मग पैसे द्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. एसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) किंवा मिररलेसमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, जी लेन्स लावाल तेवढं दिसतं. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून, म्हणजे फाइंडरमधून बघतो, आणि फोकसही तिथे दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणून करतो. लेन्स कितीही रुंद लावा, खिडकी तेवढीच राहते. म्हणून "कुठली लेन्स भारी" हा प्रश्न नंतर विचारायचा, आधी "माझी खिडकी किती रुंद बघते" हे विचारायचं. मी हे उलटं केलं होतं.

१. तुमच्या बॉडीत कुठल्या फ्रेमलाइन आहेत ते बघा

फाइंडरमध्ये ज्या पांढऱ्या चौकटी दिसतात त्या फ्रेमलाइन. प्रत्येक बॉडीत त्या वेगळ्या असतात आणि सगळ्यात रुंद चौकट कितीची आहे तेच आपल्याला हवं असतं.

लायका एम ३ (१९५४) मध्ये ५०, ९० आणि १३५, म्हणजे वाइड काहीच नाही. त्यासाठी चष्मा लावलेल्या ३५ च्या लेन्स निघाल्या होत्या, म्हणजे लेन्सवरच दोन जादा भिंगं बसवलेली, जी फाइंडरच्या खिडक्यांसमोर येतात. एम २ मध्ये ३५ आली, एम ४-पी पासून २८ आली, आणि एम ६ मध्ये २८ ते १३५ सगळ्या आहेत. कॅनन पी आणि कॅनन ७ मध्ये ३५ पर्यंत. बेसा आर आणि आर टू मध्ये ३५ पर्यंत. बेसा आर थ्री मध्ये ४० पासून पुढे, तो वाइडसाठी घेऊच नका. बेसा आर फोर (२००६) हा मुद्दाम वाइडवाल्यांसाठी केलेला, त्यात २१, २५, २८, ३५, ५० सगळं आत दिसतं. मिनोल्टा सीएलई मध्ये २८, ४०, ९०. झाइस इकॉनच्या नव्या बॉडीत २८ पासून. झॉर्की ४ आणि फेड २ मध्ये चौकटच नाही, आख्खी खिडकी म्हणजे साधारण ५०.

तुमच्या चौकटीपेक्षा रुंद लेन्स घेतली तर वर फ्लॅशच्या जागी लावायचा वेगळा फाइंडर घ्यावा लागतो. त्याचे पैसे लेन्सच्या किमतीत धरा. चांगला काचेचा फाइंडर स्वस्तात मिळत नाही, आणि तो गळ्यातून निसटून पडला तर तेवढेच पैसे पुन्हा घालावे लागतात.

चष्मेवाल्यांनी इथे थांबून नीट बघा. ०.७२ मॅग्निफिकेशनच्या (म्हणजे खिडकीत सगळं ०.७२ पट दिसतं अशा) लायकात २८ ची चौकट खिडकीच्या अगदी काठाला असते आणि चष्मा लावून चारही कडा एकदम दिसत नाहीत, डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. मला चष्मा आहे. एका मित्राच्या एम ६ वर मी २८ लावून बघितली आणि डाव्या-उजव्या कडा मला अंदाजानेच धराव्या लागल्या. हेक्सार आरएफ चा फाइंडर ०.६ चा आहे, बेसा आर फोरचा ०.५२, तिथे सोपं जातं. उलट ०.८५ वाल्या एम ६ मध्ये २८ ची चौकटच नाही, सेकंड हँड घेताना हे विचारून घ्या, विकणारा स्वतःहून सांगेलच असं नाही.

२. तुम्ही किती अंतरावरून फोटो काढता ते टेपने मोजा

हे कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. ३५ एमएम फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. म्हणून हिशेब सोपा: अंतर गुणिले ३६ भागिले लेन्सचे एमएम, म्हणजे आडव्या फ्रेममध्ये किती रुंदी बसेल ते आलं.

चाचांच्या खोलीत माझ्या डोळ्यापासून त्यांच्यापर्यंत टेप लावला तर दीड मीटर भरला. ५० ने १.०८ मीटर रुंदी. दांडी धरून तंबोरा पाच फुटांच्या आसपास असतो, तो कसा बसणार. ३५ ने १.५४ मीटर, म्हणजे तंबोरा कसाबसा आणि चाचांचा खांदा कापला. २८ ने १.९३ मीटर, तंबोरा, चाचा आणि मागच्या भिंतीवर टांगलेल्या सतारी. २१ ने २.५७ मीटर, म्हणजे दारातल्या चपला पण आल्या. पहिल्या दिवशीच हे गणित केलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

गणित नको असेल तर पुठ्ठा घ्या. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा चालतो. त्यात १४४ बाय ९६ मिलिमीटरची चौकोनी खिडकी कापा, एका कोपऱ्याला सुतळी बांधा आणि सुतळीला तीन गाठी मारा: पुठ्ठ्यापासून १४ सेंटिमीटरवर, ११.२ वर आणि ८.४ वर. गाठ डोळ्याच्या खाली गालाला लावून पुठ्ठा ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा. १४ ची गाठ म्हणजे ३५ ची लेन्स, ११.२ म्हणजे २८, ८.४ म्हणजे २१. हा पुठ्ठा घेऊन आठवडाभर फिरा. मी आयर्विन पुलावर, कृष्णेच्या घाटावर आणि मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात तिथे घेऊन फिरलो. लोक बघतात, विचारतात, सांगायचं फोटोसाठी मोजतोय.

मोबाइलही चालतो, त्यात १एक्सचा कॅमेरा साधारण २४ ते २६ चा असतो बहुतेक फोनमध्ये, म्हणजे मोबाइलवर तुम्ही रोजच वाइड वापरताय. पण मोबाइलची चौकट चारास तीन असते, फिल्मची तीनास दोन, त्यामुळे अंदाज थोडा हलतो. पुठ्ठ्यात तो घोळ नाही.

३. आता एमएम ठरवा

३५. फिल्मच्या फ्रेमवर तिरका (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा) कोन ६३ अंश. बहुतेक बॉडीत चौकट आतच असते, वेगळा फाइंडर नको, लेन्स छोट्या मिळतात. वाइड आहे हे फोटोत ओरडून दिसत नाही. पहिली वाइड म्हणून दहातल्या आठ जणांना मी हीच सांगतो. फक्त तुमच्याकडे आधीच ४० असेल तर ३५ घेऊ नका, दोन्हीत दोन पावलांचा फरक आहे.

२८. कोन ७५ अंश. खोलीत, दुकानात, देवळाच्या सभामंडपात काम करणाऱ्यांची लेन्स. माझी आता हीच आहे. २८ मागते ते एवढंच की तुम्ही माणसाच्या जवळ जा. हळदीच्या सौद्यात अडते, हमाल, शेतकरी सगळे पोत्यांभोवती गोळा झालेले असतात आणि हातात हळद घेऊन मोडून बघत असतात, तिथे ३५ घेऊन तुम्ही गर्दीच्या बाहेर राहता, २८ घेऊन गर्दीतले एक होता. ज्यांना अनोळखी माणसाच्या दोन हातावर उभं राहायला अवघड वाटतं त्यांनी २८ घेऊ नये, फोटोत समोर रिकामी फरशी खूप येते.

२४-२५. चांगली आहे, पण चौकट फार थोड्या बॉडीत. फोक्टलेंडरची (बेसा याच कंपनीची) जुनी स्क्रूवाली २५ एफ ४ तर रेंजफाइंडरला जोडलेलीच नाही, ते पुढे सांगतो; एफ म्हणजे ॲपर्चरचा आकडा, तो जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो.

२१. कोन ९२ अंश. इथून जग बदलतं. कॅमेरा जरा वर-खाली वाकला की भिंती आत झुकतात. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर आहे, तिथे मी एका मित्राची २१ घेऊन गेलो होतो. काठावरून खाली वाकून काढलेल्या सगळ्या फोटोंत विहीर फनेलसारखी निमुळती आली. पायऱ्या उतरून कमानीच्या पातळीला उभं राहून कॅमेरा सरळ धरून काढले ते मात्र असे आले की दगड हाताला लागतील. २१ मध्ये कॅमेऱ्याची पातळी हेच निम्मं काम आहे, फ्लॅशच्या जागी बसणारी छोटी पाणपातळी मिळते पण तिथे तर फाइंडर बसलेला असतो, म्हणून ज्या फाइंडरमध्ये पाणपातळी आतच दिसते तो मिळाला तर घ्या.

१५ आणि १२. माझी पहिली चूक ही. फोक्टलेंडरची १५ एफ ४.५ (१९९९ ची स्क्रूवाली) मला सोबत फाइंडरसह मिळत होती आणि मी भुललो. लेन्समध्ये खोट काहीच नव्हती, ती उत्तम आहे. पण कोन ११० अंश, चाचा तिच्यात खोलीच्या टोकाला बसलेल्या बाहुलीएवढे दिसायचे, आणि जवळ गेलो तर काठावर आलेला भोपळा अंड्यासारखा ताणला जायचा. तंबोरा करणाऱ्याला आपल्या भोपळ्याची गोलाई वेडीवाकडी झालेली दाखवायची लाज वाटली मला. पहिली वाइड म्हणून १५ घेऊ नका. दोन वर्षांनी घ्या.

जोडी लावताना साधारण असं: ३५ आवडली तर पुढची २१, २८ आवडली तर तिच्याबरोबर ५० ठेवा. २८ आणि ३५ दोन्ही बॅगेत असल्या की त्यातली एक कायम बॅगेतच राहते.

४. माउंट

माउंट म्हणजे लेन्स बॉडीवर बसते ती जोडणी. दोन मुख्य. स्क्रू माउंट, म्हणजे ३९ मिलिमीटरचा आटा, जुन्या लायका, कॅनन, झॉर्की, फेड, पहिली बेसा आर. आणि एम माउंट, १९५४ पासूनच्या लायका एम, बेसा आर टू आणि पुढच्या, झाइस इकॉन, सीएलई, हेक्सार. स्क्रूच्या लेन्सचं फिल्मपासूनचं अंतर २८.८ मिलिमीटर, एमचं २७.८, फरक बरोबर एक मिलिमीटरचा, म्हणून एक मिलिमीटर जाडीचा अडॅप्टर लावला की स्क्रूची लेन्स एमवर बसते आणि फोकसही बरोबर येतो. उलटं होत नाही, एमची लेन्स स्क्रूच्या बॉडीवर बसत नाही.

इथे एक बारीक फसगत आहे. लायका एम मध्ये कुठली फ्रेमलाइन उजळायची ते लेन्सच्या माउंटचा आकार ठरवतो, २८ बरोबर ९०, ३५ बरोबर १३५, ५० बरोबर ७५. अडॅप्टरही त्याच तीन प्रकारांत येतात. तुम्ही २८ च्या लेन्सला ५०-७५ वाला अडॅप्टर लावला तर आयुष्यभर चुकीची चौकट बघून फोटो काढाल. मागवताना तुमच्या लेन्सच्या एमएमचा अडॅप्टर मागा. बेसात हे नाही, तिथे वरच्या खटक्याने चौकट हाताने बदलायची, पण मग लेन्स बदलल्यावर खटका फिरवायची सवय लावून घ्यावी लागते.

किएव कॅमेऱ्याची माउंट वेगळी, जुन्या कॉन्टॅक्सची. "रशियन लेन्स आहे, बसेल" म्हणून कुणी विकत असेल तर आटा आहे का ते फोटोत बघा.

आणि मागच्या काचेकडे बघा. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्याने वाइड लेन्सची मागची काच फिल्मच्या खूप जवळ नेता येते, म्हणूनच लुडविग बर्टेलेंनी झाइससाठी केलेल्या बिओगॉनसारख्या लेन्स शक्य झाल्या, ज्यांत सरळ रेघ सरळच राहते. एसएलआरमध्ये आरशाला जागा सोडायची म्हणून वाइड लेन्सची रचना वेगळी आणि मोठी करावी लागते. पण याचीच दुसरी बाजू अशी की ती आत घुसलेली काच काही बॉडीत अडते. ज्युपिटर १२ (३५ एफ २.८, याच बिओगॉनच्या वळणाची) स्वस्त आहे, झॉर्कीवर मस्त चालते, पण तिची मागची काच एवढी आत जाते की दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर लावायच्या आधी चौकशी कराच. लायका एम ५ आणि सीएल मध्ये लाइट मोजायला एक दांडी शटरसमोर वर येते, तिच्यावर काही जुन्या २१ आणि २८ आदळतात.

५. लेन्स रेंजफाइंडरला जोडलेली आहे का

हे मला १५ घेतल्यावर कळलं. फोकस करताना लेन्स बॉडीतल्या एका छोट्या चाकाला ढकलते आणि फाइंडरमधली प्रतिमा हलते, पण सगळ्या लेन्स तसं करत नाहीत. जोडलेली नसेल तर फाइंडरमध्ये दोन प्रतिमा एक होणार नाहीत, अंतर डोळ्याने ठरवून लेन्सवर लावायचं. फोक्टलेंडरच्या स्क्रूवाल्या १५ आणि २५ अशा आहेत, १५ च्या पुढच्या एम माउंटवाल्या आवृत्त्या जोडलेल्या आहेत. १५ ला त्याने फार बिघडत नाही, एफ ८ ला एक मीटरवर ठेवली तर अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत जवळपास सगळं चालतं. २५ ला मात्र उघड्या ॲपर्चरवर खोलीत अंदाज चुकतो. विकणाऱ्याला सरळ विचारायचं, "रेंजफाइंडर कपल्ड आहे का", आणि उत्तर लेखी घ्यायचं.

किमान अंतरही विचारा. जुन्या लेन्स एक मीटरलाच थांबतात, नव्या बहुतेक ०.७ ला, फोक्टलेंडरची एमवाली २१ एफ ४ अर्ध्या मीटरपर्यंत जाते पण रेंजफाइंडर ०.७ च्या अलीकडे साथ देत नाही. छोट्या दुकानांत काम करणार असाल तर एक मीटर आणि ०.७ मधला फरक फार मोठा आहे.

६. एफ १.४ लागतेच असं नाही

वाइडमध्ये हात हललेला कमी दिसतो, ३० वा भाग सेकंद आरामात धरता येतो, रेंजफाइंडरमध्ये आरशाचा धक्का नाही म्हणून पंधरावा भाग सेकंद पण जमतो. मी ४०० ची फिल्म एफ २.८ ला, दाराच्या उजेडात, चाचांच्या खोलीत वापरतो. मोठ्या लेन्सचं नुकसान असं की ती फाइंडरचा खालचा उजवा कोपरा झाकते, वरून हूड (लेन्सच्या तोंडावरचा उन्हाचा आडोसा) लावला की अजून. तुमच्या चौकटीचा तोच कोपरा आणि तिथेच बसलेला माणूस, फोटो धुवून आल्यावर कळतं की त्याचा हात कापलाय. म्हणून छोटी लेन्स घ्या. फोक्टलेंडर कलर-स्कोपार ३५ एफ २.५ साधारण १३४ ग्रॅमची, खिशात मावते. झाइसची सी-बिओगॉन ३५ एफ २.८ अशीच आटोपशीर. हूड घ्यायचा तर खाचा असलेला घ्या.

७. डिजिटल बॉडी असेल तर दोन गोष्टी

सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असला की लेन्स कमी रुंद वागते, त्याला क्रॉप म्हणतात. एप्सन आर-डी १ (२००४) मध्ये क्रॉप १.५ आणि लायका एम ८ (२००६) मध्ये १.३३, म्हणजे २८ लावली तर अनुक्रमे ४२ आणि ३७ सारखी वागते. खरी वाइड हवी तर २१ कडे जावं लागेल. एम ९ (२००९) पासून पूर्ण फ्रेम. दुसरं, मागची काच खूप आत असलेल्या जुन्या वाइड सेन्सरवर तिरका प्रकाश टाकतात आणि कडांना जांभळट-हिरवट रंग चढतो. झाइसची सी-बिओगॉन २१ एफ ४.५ फिल्मवर अप्रतिम, सेन्सरवर मात्र कोपऱ्यांत रंग. फोक्टलेंडरच्या १५ ची तिसरी आवृत्ती यासाठीच नव्याने रचली. फिल्मवाल्यांनी हा मुद्दा सोडून द्या, आणि काळंपांढरं काढत असाल तर रंगाचा प्रश्नच नाही, कोपरे जरा काळोखे येतील तेवढंच.

८. सेकंड हँड लेन्स हातात आल्यावर

माझी दुसरी चूक इथली. ऑनलाइन एका विकणाऱ्याकडून २८ घेतली, फोटोत चकचकीत होती. आल्यावर मोबाइलचा टॉर्च मागून मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. परत घ्यायला नकार. म्हणून हे सामान जवळ ठेवा आणि लेन्स आल्या दिवशीच तपासा: मोबाइल टॉर्च, भिंग, टेप, जुना रोल, वही.

ॲपर्चर पूर्ण उघडून टॉर्च मागून तिरका मारा, पुढून बघा. जाळं म्हणजे बुरशी, धुकं म्हणजे आतल्या ग्रीसचा थर, कडेला इंद्रधनुष्यासारखं दिसलं तर दोन काचा सुटत आल्यात, ती घेऊ नका. मिनोल्टाच्या एम-रोकोर २८ एफ २.८ मध्ये आत पांढरे ठिपके येतात, हा त्या लेन्सचा माहीत असलेला दोष आहे, जिच्यात नाहीत अशी क्वचितच मिळते. धुळीचे दोन कण असतील तर काही बिघडत नाही. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको. फोकसची रिंग पुढे-मागे करताना मध्ये सैल लागते का बघा.

मग फोकस. गच्चीवर जा, एक-दोन किलोमीटरवरचा टॉवर बघा, रिंग अनंताला टेकवली की दोन प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत. मग टेपने एक मीटर मोजून तिथे छापील कागद चिकटवा आणि फोकस करा, रिंगवर १ मीटरच आलं पाहिजे. अंतर लेन्सच्या टोकापासून मोजायचं नाही, फिल्म असते तिथून मोजायचं, बऱ्याच बॉडीवर गोलातून गेलेल्या रेघेची खूण त्यासाठीच असते. टॉवर जुळला नाही तर आधी दुसरी लेन्स लावून बघा, दोष बॉडीचाही असू शकतो.

९. बाहेरून मागवताना लागणारे कागद

आपल्याकडे सांगली-कोल्हापुरात या लेन्स दुकानात मिळायच्या नाहीत, मुंबई-पुण्यात ओळखीने नाहीतर परदेशातून. परदेशातून मागवलीत तर कुरियरवाले केवायसी मागतात: पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, लेन्सचं इनव्हॉइस आणि पैसे भरल्याची पावती. पार्सलवरचं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षराला अक्षर सारखं ठेवा, माझ्या पार्सलवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं पडलं आणि ते बारा दिवस अडकलं. कस्टम ड्यूटी आणि जीएसटी लागतोच, तो किमतीत आधीच धरा. विकणारा "किंमत कमी लिहू का, गिफ्ट लिहू का" विचारतो, नाही म्हणा. गिफ्ट लिहून ड्यूटी सुटत नाही, आणि पार्सल हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळतो.

पार्सल फोडताना व्हिडिओ करा, त्यात सिरियल नंबर स्पष्ट दिसू दे. देशातल्या देशात घेत असाल तरी बिल आणि सिरियल नंबरचा फोटो घ्याच.

१०. पहिले दोन रोल कसे काढायचे

पहिला रोल पूर्ण झोन फोकसवर, म्हणजे अंतर आधीच लावून ठेवून काढा. २८ असेल तर एफ ८ ला ३.३ मीटरवर ठेवा, १.६५ पासून अनंतापर्यंत सगळं फोकसमध्ये. ३५ असेल तर ५.१ मीटर, अडीचपासून पुढे. २१ ला १.९ मीटर पुरतात, साधारण एक मीटरपासून सगळं मिळतं. मी हे माउलींच्या पालखीत शिकलो, लोणंद ते तरडगाव रस्त्यावर, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं तिथे. घोडा आला की दोन प्रतिमा जुळवायला वेळच मिळत नाही, ज्याने अंतर आधी लावून ठेवलंय त्यालाच फोटो मिळतो.

दुसऱ्या रोलमध्ये चूका शोधा. प्रत्येक फ्रेमची वहीत नोंद: अंतर, ॲपर्चर, काय चौकटीत धरलं होतं. वर लावलेला फाइंडर असेल तर एक मीटरवर माणसाच्या डोक्याचा वरचा भाग कापला जातो, कारण फाइंडर लेन्सपेक्षा उंच आहे, जवळून काढताना कॅमेरा थोडा वर उचला. फोकस करणाऱ्या हाताचं बोट फोटोत येतंय का बघा, वाइडमध्ये येतं आणि फाइंडरमध्ये दिसत नाही. लेन्सची टोपीही दिसत नाही. मी टोपी काढून टाकली आणि साधा यूव्ही फिल्टर लावला, मार्केट यार्डात हळदीची पूड उडते ती थेट काचेवर बसू नये म्हणून पण. फिल्टर घेताना आटा बघा, ३९, ४३, ४६ असे वेगवेगळे असतात.

कापडी शटरच्या बॉडीवाल्यांनी एक काळजी घ्या, जुन्या लायका, कॅननचे काही जुने, झॉर्की. आरसा नसल्याने लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली तर भिंगासारखी शटरच्या कापडाला भोक पाडते. एप्रिल-मे मध्ये आपल्या उन्हात कॅमेरा टेबलावर ठेवताना तोंड खाली, नाहीतर ॲपर्चर एफ १६ ला बंद.

११. पावसाळ्यात लेन्स कशी ठेवायची

कृष्णाकाठच्या लोकांनी हे शेवटचं म्हणून सोडू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर पाणी नव्हतं, पण भिंती दिवाळीपर्यंत ओल्या होत्या आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या माझ्या ५० ला तेवढ्यात बुरशी धरली. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवायचीच नाही. रबरी कड असलेला हवाबंद डबा घ्या, त्यात निळी सिलिका जेल, आणि शंभर-दोनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. जेल गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर गरम करून परत निळी करायची, ती कढई परत स्वयंपाकाला घ्यायची नाही. तांदूळ भरू नका, त्याची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा, निदान गच्चीवर अर्धा तास उजेडात ठेवा.

चाचांचा मोठा फोटो शेवटी २८ ने मिळाला, दाराच्या चौकटीला पाठ लावून, एफ २.८, तीसावा भाग सेकंद, १.५ मीटर. तंबोरा आख्खा, भोपळा गोल, मागच्या भिंतीवर चार सतारी. त्यांनी तो दुकानात लावलाय.